कारभाऱ्याच्या बायकोचं विरजण

बसा गं बायांनो, नीट मांडी घालून बसा. आपापली वाटी आपापल्या पुढ्यात ठेवा, हातात अक्षता घ्या. ए गोजरे, त्या मुलाला मांडीवर घे, नाहीतर कहाणी संपायच्या आत तो वाटी चाटून मोकळा होईल. झालं? मग ऐका विरजाई, तुमची कहाणी.

एक होतं आटपाट नगर, मधून वाहायचा ओढा. ओढ्याच्या वरच्या अंगाला वरचं नगर, खालच्या अंगाला खालचं नगर, मधे लाकडी साकव. वरच्या बायका खाली बाजाराला जायच्या, खालच्या बायका वर देवाला यायच्या. राजा एक, पण कारभारी दोन. वरच्या नगराचा कारभारी हैबतराव, खालच्या नगराचा कारभारी निंबाजी. आणि निंबाजी कोण? तर हैबतरावाच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. बहिणीचं नाव चिमा. हैबतरावाच्या बायकोचं नाव साळू. ही कहाणी साळूची.

साळू लग्न होऊन घरात आली. पहिल्याच श्रावणात सासूनं तिला शिंक्याखाली बसवलं. म्हणाली, "सूनबाई, आपल्या घरात विरजाईचा वसा आहे. लेकीला दिला, आता तुला देते." साळू म्हणाली, "सासूबाई, वसा कसा वसावा?" सासू म्हणाली, "श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी न्हावं. शिंक्याखाली पाट मांडावा. पाटावर विरजणाची वाटी ठेवावी. हळद वाहावी, कुंकू वाहावं, दहीपोह्यांचा नैवेद्य दाखवावा. एवढ्यानं पूजा होते, वसा होत नाही." "मग वसा कशानं होतो?" "वर्षभर जी बाई विरजण मागायला येईल तिची वाटी भरावी. तू कुणाची कोण, असं विचारू नये. कपाळाला कुंकू आहे की नाही, पाहू नये. तिन्हीसांज झाली म्हणून परत लावू नये. आपल्यापुरतं बोटभर ठेवावं, बाकीचं द्यावं." "आणि नाही दिलं तर?" सासू हसली. म्हणाली, "वसा घेण्याआधीच मोडायचा विचार करतेस होय गं?" साळू लाजली. तिनं वसा घेतला.

मग काय झालं? साळूच्या मडक्यातलं विरजण वरच्या नगरात घरोघर गेलं. चिमानं माहेरून नेलेलं विरजण खालच्या नगरात घरोघर गेलं. एका म्हातारीच्या मडक्यातलं दही दोन्ही नगरांत लागायला लागलं. कुणी कुणाला कधी नाही म्हटलं नाही. असे चांगले दिवस गेले.

मग राजा वारला. पोटी मूलबाळ नव्हतं. गादीवर कोण बसणार? हैबतराव म्हणाला, मी. निंबाजी म्हणाला, मी. दरबारी म्हणाले, अहो तुम्ही मेव्हणे मेव्हणे, दोघं मिळून कारभार करा. दोघांनाही ते पटलं नाही. आज शब्दाला शब्द लागला, उद्या काठीला काठी लागली, परवा तलवारी निघाल्या. साकव कुणी तोडला? वरचे म्हणतात खालच्यांनी, खालचे म्हणतात वरच्यांनी. कुणी का तोडेना, तुटला. दिवाळीत एकमेकांकडे फराळाची ताटं पाठवणारी माणसं एकमेकांची घरं पेटवायला लागली.

साळूला मान आला. काल साळूबाई होती, आज बाईसाहेब झाली. मान आला आणि सुख गेलं. परसात चुली मांडल्या, हंडे चढले. शिपायांच्या पंगतीवर पंगती उठायच्या. सकाळच्या पंगतीला होता तो संध्याकाळच्या पंगतीला असेलच याचा नेम नाही. पान मांडायचं, वाट बघायची, पान उचलायचं. कुणाचा नवरा पडला की हैबतराव साळूला म्हणायचा, "तू जाऊन सांग. बायकांचं बायकांनीच सांगितलेलं बरं." साळू जायची, दारात उभी राहायची. तिला बघूनच आतली बाई काय ते समजायची. पुढे पुढे तर असं झालं, साळू सहज एखाद्या दारावरून गेली तरी आतून हंबरडा ऐकू यायचा. मग ती परसातल्या वाटेनं जायला लागली.

मग एके दिवशी हैबतरावाची माणसं खालच्या नगरात शिरली. दुभती गुरं हाकून आणली, घरं जाळली, शिंकी तोडली, मडकी फोडली. कुणाच्या गोठ्यात एखादी दडवलेली गाय राहिली असेल तेवढीच. दूध होतं थोडं, पण विरजायला विरजण राहिलं नाही.

मग खालच्या नगरातून एक तेलीण आली. ओढा उतरून, गोठ्याच्या मागून, ओलं लुगडं पिळत आली. वाटी पुढे केली. म्हणाली, "बाईसाहेब, घोटभर ताकाला पोरं आसुसली आहेत." साळूनं तिला ओळखलं, पण कुणाची कोण विचारलं नाही. वाटी भरली. हैबतरावाच्या कानावर गेलं. त्याची भुवई चढली, पण तो तसाच चौकीवर निघून गेला.

मग दुसऱ्या दिवशी एक कासारीण आली. ओढा उतरून, गोठ्याच्या मागून, ओलं लुगडं पिळत आली. साळूनं वाटी भरली. हैबतरावाच्या कानावर गेलं. या खेपेला तो माजघरात आला आणि उभ्याउभ्या बोलला. "माझे शिपाई तिकडे मरतात आणि तू त्यांच्या मारेकऱ्यांना ताक पाजतेस? काल ज्या बाईला तिचा नवरा पडल्याचं सांगून आलीस, तिला काय तोंड दाखवशील? नगर म्हणेल, कारभाऱ्याची बायको फितूर. ते मला चालायचं नाही." साळू म्हणाली, "अहो, वसा आहे." "वसा घरात. हे राज्य आहे." असं म्हणून पाय आपटत निघून गेला. साळूला त्या पडलेल्या शिपायाची बायको आठवली. नवरा म्हणतो ते अगदीच खोटं नाही, असं तिला वाटलं. आणि तिथेच ती फसली.

मग तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला कोण आलं? चिमा आली. नणंद आली. ओढा उतरून आली, गोठ्याच्या मागून आली, लुगडं पिळायचंही भान तिला नव्हतं. हातात वाटी. म्हणाली, "वहिनी, ठकीला हगवण लागली आहे. पोर नुसती काडी झाली. वैद्य म्हणतात, ताक मिळालं तर जगेल. माझी गाय आहे, दूध आहे, विरजण नाही. तेलिणीकडे, कासारणीकडे जाऊन आले, तू दिलेलं त्यांच्या पोरांनी चाटूनपुसून खाल्लं. दे बाई."

ठकीचं बारसं साळूनंच केलं होतं, पाळण्याला तिनंच दोरी लावली होती. ती म्हणाली, "वन्सं, दिवे लागले. आता कुणी दही देत नाही." चिमा म्हणाली, "वशाला तिन्हीसांज नसते वहिनी. दोघींनी एकाच आईकडून घेतलाय."

साळू आत गेली. शिंक्यावरचं मडकं खाली घेतलं. दिलं तर फितूर ठरते, नाही दिलं तर वसा मोडतो. काय करावं, काय करावं? मग तिला एक युक्ती सुचली. सांगते, पण उगीच नाकं मुरडू नका, तुमच्यातल्या कितीजणींना सुचली असती ते मला माहीत आहे. तिनं वाटीत दही घेतलं. चुलीतले निखारे चिमट्यानं पुढे ओढले. वाटी निखाऱ्यांवर धरली. दही चुरचुरलं, पाणी सुटलं, आतला जीव गेला. मग वाटी गार केली, वर चांगली जाड साय पसरली. बघणाऱ्याला वाटावं, काय छान विरजण आहे! पण त्यानं दूध कधी लागायचं नाही. साळू मनाशी म्हणाली, वाटी रिकामी पाठवली नाही, वसा राहिला. शत्रूच्या घरी दही लागणार नाही, नवऱ्याचा शब्द राहिला. दोन्ही राहिलं.

काय राहिलं गं, कपाळ! देवीला काय दूधखुळी समजलीस?

चिमानं वाटी घेतली, डोळ्यांना लावली. म्हणाली, "उपकार झाले वहिनी." आणि गेली. साळूला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण तिनं हाक मारली नाही.

माजघरात सासू वाती वळत बसली होती. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण नाक शाबूत होतं. म्हणाली, "सूनबाई, काही करपलं का?" साळू म्हणाली, "नाही हो सासूबाई, दूध उतू गेलं." सासू पुन्हा वाती वळायला लागली. दूध उतू गेल्याचा वास निराळा, दही पोळल्याचा वास निराळा. ज्या बाईनं सारा जन्म चुलीपुढे काढला तिला कळणार नाही होय?

मग दुसऱ्या दिवशी सकाळी सासूनं काय केलं? मडक्यातल्या दह्यात आपल्या जुन्या लुगड्याच्या पदराचं टोक बुडवलं. सावलीत वाळवलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा वाळवलं. तिसऱ्यांदा बुडवलं, तिसऱ्यांदा वाळवलं. टोक कडक झालं. दूरच्या प्रवासाला जुन्या बायका विरजण असंच न्यायच्या. कोमट दुधात टोक बुडवलं की दूध लागतं. साळू मुदपाकात होती, तिनं हे पाहिलं नाही. तुम्ही पाहिलंत ना? मग लक्षात ठेवा.

म्हातारी काठी घेऊन निघाली. दारात हैबतराव आडवा आला. "आई, कुठे निघालीस?" "लेकीकडे." "तिकडे गेलीस तर हे दार तुला बंद." म्हातारी म्हणाली, "दार तुझं आहे, बंद कर. पाय माझे आहेत." ओढ्याला कंबरेइतकं पाणी. म्हातारीनं पदर भिजू नये म्हणून डोक्याला गुंडाळला आणि काठी टेकत टेकत पार झाली. साळूला वाटलं, सासूबाई रागावून गेल्या. ती परसात उभी राहून रडली, आणि मग हंडे चढवायची वेळ झाली म्हणून आत गेली.

म्हातारी परत आली नाही. पुढच्या थंडीत ती लेकीच्याच घरी वारली. लढाई चालू, त्यामुळे लेकाला जाता आलं नाही, की तो गेला नाही, देव जाणे. जावयानं अग्नी दिला. हैबतरावानं बातमी ऐकली, अंघोळ केली, आणि पुन्हा तलवार कमरेला लावली.

मग ओढ्यातच शेवटची लढाई झाली. मेव्हण्यापुढे मेव्हणा आला. निंबाजी पडला, हैबतराव उरला. खालच्या नगरानं शस्त्रं खाली ठेवली. वरच्या नगरात गुढ्या उभारल्या, नगारे वाजले. साळूनं दारात रांगोळी घातली. चिमाचं कुंकू पुसलं गेलं हे तिला ठाऊक होतं. रांगोळीत ती कुंकू भरत होती, हात मधेच थांबला, पण लोक बघत होते म्हणून तिनं भरलं.

आता ऐका, पुढे काय झालं. हैबतराव गादीवर बसायला निघाला. शुभकार्याला निघालेल्या माणसाच्या हातावर दही घालतात. साळू दही आणायला गेली, तर मडक्यात दही नाही, नुसतं आंबट पाणी. हैबतराव तसाच गेला. हे एक झालं.

मग गादीवर अभिषेक होता. पंचामृत लागतं. भटजींनी दूध घेतलं, तूप घेतलं, मध घेतला, साखर घेतली. म्हणाले, दही कुठे आहे? शेजारणीकडे विचारलं, तिच्याकडेही लागलं नव्हतं. सगळ्या वरच्या नगरात साळूच्याच घरचं विरजण, ते मेलं तशी सगळी मडकी मेली. भटजींनी चारांवरच भागवलं. हे दुसरं झालं.

बायकांनी काय काय करून पाहिलं! लिंबू पिळलं, दूध नासलं. चिंच घातली, दूध फाटलं. मिरच्यांचे देठ टाकले, तार सुटली. परगावाहून विरजण मागवलं, ते वेशीत येईपर्यंत बिघडलं. मोठ्या विजयाचं राज्य, आणि कुणाच्या घरात ताकाची वाटी नाही. माणसं हसेनात आणि बोलेनात.

मग हैबतरावाचं पोट बिघडलं. खाल्लेलं ठरेना. अंगावरचा अंगरखा खुंटीवर टांगल्यासारखा लोंबायला लागला. वैद्य आले, नाडी पाहिली. म्हणाले, "अन्न बंद करा, पाणी बंद करा. फक्त गोड ताकावर ठेवा. ताक मिळालं तर राजे जगतील." साळूच्या डोळ्यांपुढे चिमा उभी राहिली, तशीच ओली. तेच शब्द तिनं चिमाच्या तोंडून ऐकले होते. हे तिसरं झालं.

साळूनं नथ काढून ठेवली. पायात वहाण घातली नाही. दासी घेतली नाही, मेणा घेतला नाही. हातात वाटी घेतली आणि कलत्या उन्हात ओढ्याकडे निघाली.

ओढ्याच्या काठी एक म्हातारी बसली होती. हाताला फडकं बांधलेलं. साळूनं विचारलं, "आजी, हाताला काय झालं?" "भाजलं." "कशानं भाजलं?" "एका सुनेनं निखाऱ्यावर धरलं." साळूच्या हातातली वाटी खाली पडली. तिनं म्हातारीचे पाय धरले. "आई, मी चुकले. तुला फसवायला गेले." विरजाई म्हणाली, "मला कशाला सांगतेस? वाटी जिला दिलीस तिला सांग, तिच्याकडेच माग." साळू म्हणाली, "तिनं नाही दिलं तर? माझ्या नवऱ्यानं तिचा नवरा मारला. मी तिच्या लेकराच्या तोंडचं ताक मारलं. ती का देईल?" विरजाई म्हणाली, "ते मी कशी सांगू? वाटी उचल आणि जा. अंधार पडेल."

साळू ओढा उतरली. खालच्या नगरात अर्ध्या घरांना छपरं नव्हती. जळक्या खांबांना दोऱ्या बांधून बायकांनी लुगडी वाळत घातली होती. दारात बसलेल्या बायकांची कपाळं पांढरी. साळूला कुणी शिवी दिली नाही, कुणी धोंडा मारला नाही. एक बाई तेवढी म्हणाली, "आता कशाला आलात बाईसाहेब? ज्याच्या मरणाची बातमी सांगावी असं आमच्याकडे कुणी उरलं नाही." साळूला ते धोंड्यापेक्षा लागलं.

चिमाच्या दारात ती पोचली तेव्हा दिवे लागत होते. ओसरीवर एक मुलगी बसून दहीभात खात होती. तोंडभर दही. गाल वर आलेले. ठकी! ठकी जिवंत होती. आणि तिच्या ताटलीत दही होतं.

चिमा बाहेर आली. साळू म्हणाली, "वन्सं, मागच्या खेपेला मी दिलं ते विरजण मेलेलं होतं. मी ते निखाऱ्यावर पोळवलं होतं. वर साय पसरली होती. जाणूनबुजून केलं." चिमा म्हणाली, "ठाऊक आहे." "सासूबाईंनी सांगितलं?" "आईनं तुझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. पदर दुधात बुडवला आणि म्हणाली, सूनबाईकडचंच आहे. पण त्याआधी तुझी वाटी मी दुधात घातली होती ना. रात्रभर ठकीला मांडीवर घेऊन बसले होते, की सकाळी दही लागेल. सकाळी दूध जसंच्या तसं होतं. मला दुधानंच सांगितलं."

साळूला रडू फुटलं. चिमा रडली नाही. म्हणाली, "का आलीस?" साळूनं वाटी पुढे केली. "विरजण मागायला आले. कुणासाठी ते सांगायलाच हवं. तुमच्या दादासाठी. वैद्य म्हणतात, ताक मिळालं तर जगतील."

ठकीचं खाणं थांबलं. शेजारच्या दारातल्या बायका उठून उभ्या राहिल्या. मग चिमा म्हणाली, "वहिनी, दिवे लागले." साळूला पुढचे शब्द ठाऊक होते, पण ते बोलायचं तोंड तिला नव्हतं. मान खाली घालून वाटी धरून ती उभी राहिली. मग चिमानंच वाटी तिच्या हातातून ओढून घेतली आणि आत गेली.

साळू ओसरीवर उभी. आतून काय ऐकू आलं? मडक्याचं झाकण वाजलं. मग चिमटा वाजला. मग निखारे ओढल्याचा आवाज आला. दिव्याची वात पेटवायला निखारा लागतो, विस्तव सारायला चिमटा लागतो. आणि आणखी कशाला लागतो ते साळूला ठाऊक होतं.

चिमा बाहेर आली. वाटीवर पळसाचं पान झाकलेलं. साळूनं वाटी घेतली. ती कोमट होती, चिमाच्या हातानं कोमट की कशानं? तिच्या तोंडून गेलं, "वन्सं..." चिमा म्हणाली, "मागच्या खेपेला मी तुला काही विचारलं होतं का?" "नाही." "मग तूही विचारू नकोस. मला दुधानं सांगितलं. तुलाही दूधच सांगेल."

साळू घरी आली. दूध कोमट केलं. करंगळी बुडवून पाहिलं. विरजण घातलं, ढवळलं, मडकं शिंक्यावर ठेवलं, आणि शिंक्याखाली बसून राहिली. चिमा ज्या बसण्यानं बसली होती त्याच बसण्यानं बसली. आत नवरा कण्हत होता. निखाऱ्यावर धरलेली वाटी तिला सारखी दिसत होती. आपण तिच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे तिला सांगता येईना.

सकाळी तिनं मडकं खाली घेतलं. हात जाईना झाकणाला. शेवटी झाकण काढलं. सुरीनं वडी कापावी असं दही लागलं होतं! साळू मडक्याला मिठी मारून ढसाढसा रडली. मग डोळे पुसले, रवी घेतली, ताक केलं, नवऱ्याच्या तोंडाला वाटी लावली. हैबतरावानं विचारलं, "कुणाकडचं?" साळू म्हणाली, "विचारायचं नाही. बरे झालात की सांगेन." बोटभर ठेवून बाकीचं विरजण तिनं दारोदार वाटलं. मडक्यामागून मडकी लागली. पंधरवड्यात हैबतराव उठून बसला, महिन्यात चालायला लागला.

मग तिनं सांगितलं. सगळं सांगितलं. पोळवलेली वाटी सांगितली, आईचा पदर सांगितला, ठकी सांगितली, चिमाचं विरजण सांगितलं. हैबतराव ऐकत राहिला. आईच्या पदराचं ऐकल्यावर त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. गादी सोडली का? नाही बाई. इतक्यावर कोण गादी सोडतो? पण हाकून आणलेली गुरं त्यानं परत धाडली.

मग श्रावण आला. साळूनं वशाचं उद्यापन मांडलं. भटजी म्हणाले, पाच सवाष्णी बसवा. साळूनं पहिला पाट मांडला आणि चिमाला बोलावणं धाडलं. भटजी म्हणाले, "अहो, विधवेला पहिला पाट? हे शास्त्रात बसत नाही." साळू म्हणाली, "वशात बसतं. कपाळाला कुंकू पाहू नये असा नेमच आहे. आणि भटजीबुवा, पाहायचंच म्हटलं तर दोन्ही नगरांत कुंकू राहिलंय किती कपाळांना?" भटजी पूजेची तयारी करायला लागले. वरच्या नगरातल्या विधवा आल्या, खालच्या नगरातल्या आल्या. ओढा उतरून, ओली लुगडी पिळत आल्या. पडलेल्या शिपायांच्या बायका एका पंगतीला बसल्या. एक म्हातारीही येऊन बसली. हाताचं फडकं सोडलेलं होतं, जखम भरली होती, डाग होता.

दुसऱ्या कहाण्यांत अशा वेळी देवी प्रसन्न होते, पाणी शिंपडते, मेलेले उठून बसतात. या कहाणीत कुणी उठलं नाही. निंबाजी उठला नाही, साळूची सासू उठली नाही, शिपाई उठले नाहीत. आहे ते असं आहे.

चिमा ठकीला घेऊन आली. पहिल्या पाटावर बसली, दहीभात जेवली, हात धुतला. मग हैबतराव पुढे आला. हातात जरीची साडी. भावानं बहिणीला द्यावी तशी पुढे केली. डोळ्यांत पाणी. म्हणाला, "चिमे, तू मला जीवदान दिलंस. मोठ्या मनानं क्षमा केलीस."

चिमानं साडीला हात लावला नाही. ती म्हणाली, "दादा, क्षमा केली असं मी कुठे म्हटलं? ती होईल की नाही ते मलाच ठाऊक नाही. विरजण मी तुला दिलंच नाही. वाटी घेऊन दारात आली त्या बाईला दिलं. साडी ठेव तुझ्यापाशी. द्यायचंच असेल तर साकव बांध. बायकांनी किती दिवस ओल्या लुगड्यानं यायचं?"

हैबतरावानं साकव बांधला. त्यावरून पहिली गेली ती साळू. हातात भरलेली वाटी, खालच्या नगरात नव्यानं उभारलेल्या एका घरासाठी. दारातल्या बाईनं तिला पाहिलं आणि ती रडली नाही, आत जाऊन दुधाचं पातेलं घेऊन आली.

विरजाई जशी साळूला पुन्हा पावली तशी तुम्हांआम्हां पावो. तुमची वाटी भरलेली राहो, देताना हात न कचरो, मागायची वेळ आली तर दार उघडं मिळो. सांगायची ती साठ बोलांत होती, सांगितली पाच बोलांत. विरजाईच्या पायी वाहिली, फळाला आली, इथे पुरी झाली. वाहा अक्षता.